‘बोटीवरचं जेवण पूर्वीसारखं राहिलं नाही’: एका सहलीतल्या तक्रारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४. सिंगापूरहून सुटून पेनांग, फुकेत करून पुन्हा सिंगापूर, अशी चार रात्रींची बोट. आमचा गट ४१ जणांचा, बहुतेक साठीच्या पुढचे, आणि सहल व्यवस्थापक म्हणून मी एकटी. सहल कंपनी पुण्यातली, फार मोठी नाही. कंपनीचं आणि बोटीचं नाव देत नाही. माणसांची नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही.

या ४१ पैकी ११ जण एकाच माणसाच्या शब्दावर आले होते. नानाकाका, वय ७४, ठाण्याचे, बँकेतून निवृत्त. सोबत सुमनकाकू, व्याही अण्णा आणि विहीणबाई, साडू-मेहुणी, बँकेतले दोन मित्र सपत्नीक, आणि काकांची थोरली बहीण. काका-काकू २००२ च्या नोव्हेंबरात लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त सिंगापूर-मलेशिया-थायलंडला गेले होते. त्यात तीन रात्री बोटीवर. त्या तीन रात्रींवर काका पुढची बावीस वर्षं बोलत होते.

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. २००० च्या आसपास सिंगापूरच्या मराठी सहलीला ‘स्टार क्रूझ’ (स्टार क्रूझेस या कंपनीची बोट) जोडलेली असायचीच. पहिला परदेश, पहिलं विमान आणि पहिली बोट एकाच आठवड्यात. परत आलेला माणूस समुद्राबद्दल दोन वाक्यं बोलायचा आणि जेवणाबद्दल अर्धा तास. ‘दिवसातून सहा वेळा खायला, हवं तेवढं, फुकट!’ यातला ‘फुकट’ हा शब्द पुढच्या प्रकरणात महत्त्वाचा आहे.

काकांच्या गोष्टीत चार गोष्टी ठरलेल्या असत: बर्फाचा कोरलेला हंस, लग्नाच्या पंगतीला लाजवेल असा मध्यरात्रीचा बुफे, रत्नागिरीचा वेटर ज्याने गुपचूप वरण-भात आणून दिला, आणि शेवटी टाळी देत, ‘खिशातून एक पैसा जास्तीचा गेला नाही!’ सहलपूर्व बैठकीत मी हे सगळं ऐकलं होतं. हसले होते आणि पुढच्या विषयाकडे वळले होते. पहिली चूक तिथे झाली.

अडचण

पहिल्या रात्री मोठ्या भोजनकक्षात गटाला पाच वेगवेगळी टेबलं मिळाली. मेन्यू छोटा. भारतीय शाकाहारी पदार्थ रोज एक, त्या दिवशी पालक पनीर. लॉबस्टर होता, पण त्याच्यापुढे डॉलरचा आकडा. वेटर चांगला होता, पण त्याच्याकडे टेबलं फार. काकांनी लिंबू मागितलं ते आलं तेव्हा भात संपला होता.

‘मध्यरात्रीचा बुफे किती वाजता?’ काकांनी विचारलं.

‘तो आता नसतो काका. पिझ्झाचा काउंटर उशिरापर्यंत उघडा असतो. खोलीत मागवलं तर सेवाशुल्क लागतं.’

काका गप्प झाले. तेवढ्यात अण्णांनी, अगदी सरळ मनाने, विचारलं, ‘नाना, तो बर्फाचा हंस कुठे ठेवतात हो?’ टेबलावर हशा पिकला. काका हसले नाहीत.

मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, ‘काका, हल्ली सगळ्याच बोटींवर असंच झालंय.’ सहलीतलं माझं सर्वांत महाग वाक्य. त्यातून काकांनी दोन अर्थ काढले: जेवण घसरलंय हे कंपनीला माहीत आहे, आणि माहीत असूनही कंपनीने सांगितलं नाही. दोन्ही अर्थ काढायला जागा होती.

दुसऱ्या दिवशी, पेनांगला उतरायच्या आधी, नाश्त्याच्या वेळी माझ्या हातात वहीचा कागद आला. वर ठळक अक्षरांत ‘निवेदन’. जेवणाचा दर्जा जाहिरातीप्रमाणे नाही, ज्यावर पैसे लागणार नाहीत असं वाटलं होतं त्यावर लागतात, तरी प्रत्येकी १५,००० रुपये परत मिळावेत. खाली २३ सह्या. कागद देताना काका म्हणाले, ‘मॅडम, हे तुमच्या ऑफिसला पाठवा.’ काल संध्याकाळपर्यंत मी ‘अगं’ होते.

सह्यांत अण्णांचीही सही होती. नंतर त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘व्याह्यांनी कागद पुढे केला, नाही कसं म्हणणार? मला काय, लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून देवगडला आगबोटीने जायचो. बोटीवरच्या जेवणाचं म्हणाल तर मला ओकारीशिवाय काही आठवत नाही. इथे टेबलाला पांढरं कापड आहे!’

आधी शहानिशा

माझ्या हातात दीड दिवस होता. कागद पुण्याला पाठवायच्या आधी मला एवढंच कळायला हवं होतं: काका म्हणतात ते कितपत खरं?

*गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात).* या बोटीवर भारतीय विभागाचा शेफ मालवणचा निघाला. सोळा वर्षं बोटींवर. दुपारच्या सुट्टीत त्याने मला पाऊण तास दिला. मी विचारलं, खरंच घसरलंय का? त्याने लगेच नाही म्हटलं नाही, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसला.

‘मध्यरात्रीचा बुफे गेला, ते खरं. मी लागलो तेव्हा शेवटचे दिवस होते त्याचे. कलिंगडं कोरायला, पावाच्या मगरी करायला दुपारपासून माणसं बसायची. अकराला मांडायचा, दीडला उचलायचा. लोक फोटो काढायचे. खाणारे थोडे. बाकी सगळं बादलीत.’

मग तो नियमांकडे वळला. अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या बोटींची तिथलं सरकारी आरोग्य खातं शंभरपैकी गुण देऊन तपासणी करतं. ८५ किंवा त्याहून कमी पडले की नापास, आणि गुण जाहीर होतात. ही बोट अमेरिकेला जात नसली तरी कंपनीने तेच नियम सगळीकडे लावले होते. गरम पदार्थ ५७ अंशांच्या खाली जाता कामा नये, थंड ५ च्या वर येता कामा नये. तापमान सांभाळायचं नसेल तर मांडल्यापासून चार तासांत पदार्थ बाद. ‘चव कितीही चांगली असो, बाद.’ साथ आली तर बुफेवर चमच्याला प्रवाशाने हात लावायचा नाही, आम्ही वाढायचं.

आणि गॅलीत ज्योत नाही. बोटीवर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, त्यामुळे सगळं विजेवर. ‘फुलका फुगतो हो. पण जाळावर भाजल्याचा जो वास, तो कुठून आणू?’ एकेकाळी शेवटच्या रात्री दिवे मालवून वेटर पेटतं ‘बेक्ड अलास्का’ (केकवर आईस्क्रीम, वरून भाजलेला अंड्याचा फेस) डोक्यावर घेऊन मिरवणूक काढत, बोटीच्या प्रवासाची ती एक खूणच होती. ज्योती गेल्या आणि जिथे मिरवणूक उरली तिथे विजेचे दिवे आले.

मी म्हटलं, म्हणजे घसरलंय. तो म्हणाला, ‘तुमच्या लोकांसाठी? तेव्हा शाकाहारी म्हणजे उकडलेली भाजी आणि पास्ता. आता जैन जेवण आधी कळवलं तर वेगळ्या भांड्यात होतं. भारतीय स्वयंपाकासाठी आम्ही सहा जण आहोत. तेव्हा एक असायचा, तोही बटाटे सोलत.’

*हिशेबात.* हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या मते खरं उत्तर इथेच आहे.

पूर्वी भोजनकक्षाच्या दोन पंगती असत, लवकरची आणि उशिराची. टेबल ठरलेलं, सोबतची माणसं ठरलेली, वेटर शेवटपर्यंत तोच. जेवण भाड्यात. निराळं उपाहारगृह बोटीवर असणं हीच चैन होती. १९९० साली निघालेल्या ‘क्रिस्टल हार्मनी’वर इटालियन आणि जपानी अशी दोन वेगळी उपाहारगृहं होती आणि त्याचा गाजावाजा झाला होता. पुढे नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ आणलं: हवं तेव्हा जेवा, हवं तिथे जेवा, काही ठिकाणी वेगळे पैसे द्या. इतर कंपन्याही कमी-अधिक त्याच वाटेने गेल्या. मग आधी फुकट असलेल्या एकेका गोष्टीवर किंमत चिकटू लागली. २०१५ मध्ये नॉर्वेजियनने आणि २०१७ मध्ये रॉयल कॅरिबियनने खोलीत जेवण मागवण्यावर ७.९५ डॉलर लावले.

गंमत अशी की ‘फ्रीस्टाइल’ सुरू झालं त्याच वर्षी नॉर्वेजियन कंपनी स्टार क्रूझेसने विकत घेतली होती. पैसे देऊन जेवायची आणि भाड्यात जेवायची उपाहारगृहं एकाच बोटीवर ठेवायची पद्धत आशियातल्या या बोटींवर आधीपासून रुळलेली होती. ज्या बोटींना आमचे काका सुवर्णकाळ मानतात, आजच्या पद्धतीचं बी त्यांच्याच गॅलीत होतं.

खर्चाचं एक उदाहरण. रॉयल कॅरिबियनच्या २०१९ च्या जाहीर हिशेबात अन्नाचा खर्च सुमारे ५८ कोटी ४० लाख डॉलर आहे आणि प्रवाशांनी बोटीवर घालवलेले दिवस सुमारे ४ कोटी ४८ लाख. भागाकार केला की माणशी दिवसाला १३ डॉलर. पगार यात नाहीत, ते वेगळे. म्हणजे नाश्ता, दोन जेवणं, मधलं आईस्क्रीम, पिझ्झा, सगळं १३ डॉलरच्या मालात. अमेरिकेतल्या महागाईच्या सरकारी निर्देशांकाप्रमाणे २००२ चा एक डॉलर २०२४ मध्ये साधारण पावणेदोन डॉलर होतो. आपल्याकडे तर तेव्हा डॉलर ४८ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस ८४-८५. बोटीचं तिकीट मात्र ग्राहकाला स्वस्तच दिसायला हवं. मग भोजनकक्षातलं ताट हलकं होतं आणि जड ताट वरच्या मजल्यावर वेगळ्या दाराआड जातं.

माझा निष्कर्ष असा झाला: जेवण घसरलं हे अर्धंच खरं. ते फोडून विकायला लागले, हे पूर्ण खरं. जुन्या ताटाची तुलना करायची तर आजच्या भाड्यात वरच्या उपाहारगृहाचं बिल मिळवून करावी लागेल. काका करत होते ती तुलना एका मजल्याची अख्ख्या घराशी होती.

*डायरीत.* हे मी शोधलं नाही, ते माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी मला खोलीत बोलावलं. काका डेकवर फेऱ्या मारत होते. काकूंनी पर्समधून एक जुनी, रबरबँड लावलेली डायरी काढली. प्रत्येक प्रवासात त्या रोजचा खर्च आणि जेवण लिहितात. ‘हे वाच आणि मला परत दे,’ एवढंच म्हणाल्या. त्यांच्या परवानगीने उतरवते:

‘१३ नोव्हें. बुध. बोटीवर चढलो. खोली लहान, खिडकी नाही. रात्री कुपनावर भारतीय जेवण. छोले, जिरा राईस, कोबी, कस्टर्ड. पोळी कडक, यांनी अर्धी टाकली. वेटर म्हापशाचा. कोकणीत बोलला, यांना निम्मं कळलं. लिंबू मागितलं, म्हणाला उद्यापासून न मागता ठेवतो.’

‘१४ गुरु. रात्री साडेअकराला सजवलेला बुफे बघायला गेलो. कलिंगडाची फुलं, पावाची मगर. फोटो ६. खाल्लं नाही, पोटात जागा नव्हती. यांना इनो दिला.’

‘१५ शुक्र. लिंबू आपोआप आलं.’

आणि तीन दिवसांनी, बँकॉक: ‘हॉटेलात कुणाचं तरी लग्न. बर्फाचा हंस ठेवला होता. वितळत होता.’

वरण-भाताचा उल्लेख कुठेच नाही. वेटर रत्नागिरीचा नाही. म्हापशाचा असणं मात्र अगदी पटणारं. इंग्रज कंपन्यांच्या बोटींच्या दिवसांपासून गोव्याचे स्वयंपाकी आणि स्टुअर्ड जगभर गेले. दोन बोटींच्या मधल्या दिवसांत ते मुंबईत धोबीतलावाच्या बाजूच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे गोव्यातल्या गावागावांच्या सामायिक वसतिगृहांत, राहायचे. आणि ‘कुपनावर’ म्हणजे ते भारतीय जेवण भाड्यात नव्हतंच. सहल कंपनीने आधीच पैसे भरून कुपनं वाटली होती, म्हणून खिशातून काही गेलं नाही.

मी डायरी परत दिली. काकू म्हणाल्या, ‘गेली दोन वर्षं घरची आमटीसुद्धा यांना अळणी लागते. डॉक्टर म्हणाले, वयाने वासाची जाण कमी होते, गोळ्यांनीही तोंडाची चव जाते. ते बोटीवर कसं कळणार?’

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: निवेदन तसंच पुण्याला पाठवायचं आणि हात झटकायचे. नियमाप्रमाणे यात चूक नव्हती. पण उरलेल्या तीन जेवणांचं काय? शिवाय निवेदनातला एक मुद्दा खरा होता, आणि तो मला टोचत होता. आमच्या सहलीच्या पत्रकावर बर्फाच्या हंसाचं आणि कोरलेल्या फळांचं चित्र होतं. आमच्या कार्यालयाने ते कधीतरी पूर्वी कुठल्यातरी बोटीवरून घेतलं आणि तसंच छापत राहिले. ‘जाहिरातीप्रमाणे नाही’ हे वाक्य त्या चित्रापुरतं अचूक होतं.

दुसरा: सगळ्यांना एक रात्र वरच्या उपाहारगृहात न्यायचं. माणशी ४५ डॉलर, ४१ जणांचे १,८४५ डॉलर. दीड लाखावर रुपये. माझ्याकडच्या अडीनडीच्या पैशांत १,२०० सिंगापूर डॉलर होते, म्हणजे निम्म्याच्या आसपास. फक्त सही करणाऱ्यांना न्यायचं तर उरलेले १८ जण मला बोटीवरून समुद्रात टाकतील. शिवाय तिथे मिळणार स्टेक. गटातले २६ जण शाकाहारी.

तिसरा: गॅलीला विनंती करून आपल्या चवीचं काही करवून घ्यायचं आणि बसण्याची व्यवस्था बदलायची.

चौथा, सगळ्यांत सोपा आणि मोहात पाडणारा: डायरी. काकांना बाजूला घेऊन तारीखवार दाखवायचं की तुम्ही म्हणता ते तुम्ही खाल्लंच नव्हतं. निवेदन तिथेच संपलं असतं. खरं सांगते, अर्धा तास मी याच विचारात होते. मी बरोबर आहे हे सिद्ध करायची संधी या धंद्यात फार वेळा येत नाही.

मी ते केलं नाही. एक तर डायरी माझी नव्हती. काकूंनी ती मला कळावं म्हणून दिली होती, वापरावी म्हणून नाही. दुसरं, तोवर माझ्या लक्षात आलं होतं की तक्रार पालक पनीरबद्दल नव्हतीच. अकरा माणसं काकांच्या शब्दावर लाख-लाख रुपये भरून आली होती, त्यांत व्याही होते, आणि पहिल्याच रात्री सगळ्यांसमोर हंसाची चौकशी झाली. अशा वेळी माणसाला दोनच वाटा असतात: आपली आठवण खोटी किंवा बोट खोटी. मी डायरी दाखवली असती तर दुसरी वाट बंद झाली असती, आणि हे परत व्याह्यांसमोरच.

काय केलं

भोजनकक्षाच्या प्रमुखांना भेटले. खुल्या वेळेच्या पद्धतीत ठरलेलं टेबल देता येत नाही, असं ते आधी म्हणाले. रात्री आठऐवजी साडेपाचला आलात तर जमेल, तेव्हा कक्ष रिकामा असतो, असं मग म्हणाले. साडेपाचला जेवण! गटात कुरकुर झाली, पण ज्येष्ठ मंडळींना ही वेळ मनातून सोयीची होती आणि ते कबूल कुणी केलं नाही. शेजारशेजारची पाच टेबलं, उरलेल्या तीन रात्री तेच दोन वेटर. एक फिलिपिनो, एक इंडोनेशियाचा. मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या: प्रत्येक टेबलावर लिंबाच्या फोडी आधीच ठेवायच्या, आणि नानाकाकांना वाढताना ‘सर’ म्हणायचं.

मालवणच्या शेफकडे भाजणीचं पीठ घेऊन गेले. विहीणबाईंनी दोन किलो आणलं होतं, थालीपिठांसाठी. त्याने पिशवीला हातसुद्धा लावला नाही. बाहेरचं धान्य गॅलीत चालत नाही, तपासणीत सापडलं तर त्याची नोकरी जाईल. पण बोटीवर भज्यांसाठी बेसन होतं. तिसऱ्या रात्री त्याने पिठलं केलं, आणि पिवळं वरण-भात. पिठलं जरा घट्ट होतं आणि लसूण कमी. शेफ स्वतः टोपी घालून वाढायला आला आणि अण्णांशी मालवणीत बोलत सुटला. अण्णा तीन रात्रींत पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

निवेदन मी पुण्याला पाठवलं, सोबत पत्रकाच्या चित्राबद्दल माझं टिपण. काकांना पाठवल्याचं सांगितलं. आणि पहिल्या रात्रीच्या वाक्याबद्दल माफी मागितली: ‘मला माहीत होतं की काय काय बदललंय. मी बैठकीतच सांगायला हवं होतं.’ ते ‘हं’ म्हणाले.

शेवटच्या रात्री, आवराआवरीच्या आधी, टेबलावर जुन्या सहलींच्या गप्पा निघाल्या. काकूंनी पर्समधून डायरी काढली. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, ‘वेटर म्हापशाचा. लिंबू मागितलं, म्हणाला उद्यापासून न मागता ठेवतो. १५ शुक्रवार. लिंबू आपोआप आलं.’ पान मी पाहिलेलं होतं. कडक पोळी, इनो, बँकॉकचा हंस, सगळं त्यांनी ओलांडलं होतं.

‘म्हापशाचा का?’ काका म्हणाले. ‘मी रत्नागिरीचा म्हणत होतो इतकी वर्षं.’

‘कोकणातलाच की,’ अण्णा म्हणाले.

निकाल

काकांनी निवेदन मागे घेतलं नाही. चार जणांनी आपापली सही काढून घेतली, त्यांत अण्णा नव्हते.

कंपनीने सही कायम ठेवणाऱ्या १९ जणांना पुढच्या सहलीत प्रत्येकी ३,००० रुपयांची सूट दिली. माझं म्हणणं होतं की द्यायची तर सगळ्यांना द्या, कारण चित्र सगळ्यांनी पाहिलं होतं. ऐकलं नाही. आठवड्याभरात ते गटाच्या व्हॉट्सॲपवर फुटलं आणि सही न करणारे, शिवाय सही काढून घेणारे, असे २२ जण खवळले. शेवटी सगळ्या ४१ जणांना सूट द्यावी लागली, १ लाख २३ हजार रुपयांची, आणि वर नाराजी ती नाराजीच. हे माझ्या मते प्रकरणातलं सर्वांत वाईट हाताळणं, आणि ते बोटीवर नाही, कार्यालयात झालं.

अभिप्रायाच्या कागदावर जेवणाला गटाने पाचपैकी सरासरी साडेतीन दिले. काकांनी दोन दिले आणि शेजारी लिहिलं: ‘पिठलं चांगलं. बाकी पूर्वीसारखं नाही.’ मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. लॉबस्टर, मांडलेला बुफे, चार रात्री ओळखणारा वेटर, हे खरोखर गेलं आहे. त्यांच्या आठवणीतलं बरंच चुकीचं होतं म्हणून ही तक्रार चुकीची ठरत नाही.

पुन्हा असं झालं तर

निर्णयाची खरी वेळ पहिल्या रात्रीची नव्हती, सहलपूर्व बैठकीची होती. काका चाळीस माणसांसमोर हंसाचं वर्णन करत होते तेव्हाच मी, त्यांचा मान राखून, सांगायला हवं होतं: काका, तुमची बोट दोन हजार माणसांची असेल, ही चार हजारांवर. तुमच्या वेळी जेवण एकत्र होतं, आता वेगवेगळ्या दारांआड आहे. कुठल्या दाराला पैसे लागतात त्याची ही यादी. काकांना त्यांची गोष्ट तिथेच सुधारून घेता आली असती आणि अकरा जणांना वेगळ्या अपेक्षेने चढता आलं असतं.

बसण्याची व्यवस्था पहिल्याच रात्रीपासून मागायला हवी होती. ती मागितली नाही, कारण मी जेवणाचा विचार पदार्थांच्या अंगाने करत होते. ज्येष्ठांच्या गटाला साडेपाचची वेळ आता मी आधीच लिहून कळवते.

डायरीबाबत माझं मन अजून पूर्ण स्वच्छ नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं आहे की मी दाखवायला हवी होती, कंपनीचे सव्वा लाख वाचले असते. वाचले असते, हे खरं.

नोंदणीच्या अर्जात मी एक प्रश्न घालून घेतला आहे: यापूर्वी बोटीने गेला आहात का, कोणत्या साली, आणि काय खाल्लेलं आठवतं? उत्तरं वाचण्यासारखी येतात. मोफत आणि सशुल्क गोष्टींची यादी तिकिटासोबत जाते. पत्रकावरचा हंस मात्र अजून तसाच आहे. कार्यालयाचं म्हणणं, त्या चित्रावर फोन जास्त येतात.